तीन सेकंदांची वाटणी : २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यातील एका खेळाडूचे प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक खेळाडू आपली सरावाची वही घेऊन माझ्याकडे आली. वय सत्तावीस, घर कर्वेनगरला, नोकरी हिंजवडीतील एका कंपनीत. आठ वर्षे १० मीटर एअर पिस्तूल आणि त्यातली शेवटची दोन वर्षे जोडीने २५ मीटर पिस्तूल. वहीत ताज्या पूर्ण सरावाचे गुण लिहिलेले होते : प्रिसिजन टप्प्यात ३०० पैकी २८३ आणि रॅपिड टप्प्यात २६१. त्याखाली तिने लाल शाईने लिहिले होते, ‘हात संथ आहे’. ती म्हणाली, “सर, मला फक्त वेग वाढवून द्या, बाकी मी करते.” तिने स्वतःच केलेले हे निदान मी तपासून न पाहता मान्य केले आणि पुढचे चार आठवडे त्याच पायावर सराव आखला. ते निदान चुकीचे होते. ते कसे उलगडले आणि त्यानंतर काय केले, याची ही नोंद आहे.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २५ मीटर पिस्तूल हा महिलांचा स्पर्धाप्रकार १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात .२२ इंच कॅलिबरचे पिस्तूल एका हाताने धरून ६० गोळ्या झाडायच्या असतात. पहिल्या ३० गोळ्या प्रिसिजनच्या : पाच-पाच गोळ्यांच्या सहा सिरीज आणि प्रत्येक सिरीजला पाच मिनिटे. उरलेल्या ३० रॅपिडच्या : त्याही पाच-पाचच्या सहा सिरीज, परंतु येथे हात खाली, ४५ अंशांच्या मर्यादेत ठेवून वाट पाहायची, हिरवा दिवा लागला की हात उचलून तीन सेकंदांत एकच गोळी झाडायची, मग सात सेकंद हात पुन्हा खाली आणि पुन्हा दिवा. तीन सेकंद उलटल्यावर सुटलेली गोळी कितीही मध्यावर लागली तरी तिचे गुण शून्य.

दोन टप्प्यांची लक्ष्येही वेगवेगळी असतात, आणि या प्रकरणात ही बाब कळीची ठरली. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. रॅपिडच्या लक्ष्यावर ते १०० मिलिमीटरचे, म्हणजे व्यासाने दुप्पट आणि क्षेत्रफळाने चौपट असते. त्यामुळे चांगल्या खेळाडूचे रॅपिडचे गुण प्रिसिजनइतके किंवा त्याहून थोडे अधिक यावेत, अशी साधारण अपेक्षा असते. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत २०२४ साली मनू भाकरने ५९० गुण मिळवले. त्यांत प्रिसिजनचे २९४ आणि रॅपिडचे २९६ होते. आमच्या खेळाडूच्या वहीत मात्र रॅपिडचा आकडा बावीसने कमी होता. जिचा हात ५० मिलिमीटरच्या वर्तुळाभोवती २८३ गुण आणण्याइतका स्थिर राहतो, तिच्याकडून चौपट मोठ्या दहावर इतके गुण का निसटावेत, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

पुण्यात या खेळाला पोषक वातावरण आहे, हे मुद्दाम सांगतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीचे संकुल उभे राहिले, २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, आणि पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे याने सराव केला तो याच शहरात. २५ मीटर पिस्तुलाच्या बाबतीत तर प्रत्येक मराठी मुलीसमोर कोल्हापूरच्याच राही सरनोबतचे उदाहरण असते. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत शूट-ऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा गोळ्यांपर्यंत, ताणलेल्या अंतिम फेरीत तिने सुवर्ण जिंकले आणि आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अडचण वातावरणाची नसते. ती शस्त्राची आणि काडतुसांची असते. एअर पिस्तूल घरी ठेवता येते, .२२ साठी मात्र परवाना लागतो. बहुतेक खेळाडू क्लबचे पिस्तूल रेंजवरच वापरतात आणि रेंजवरच परत करतात. या खेळाडूचेही तसेच होते. त्यामुळे तिचा घरचा सगळा सराव एअर पिस्तुलावर होत असे आणि खऱ्या पिस्तुलावर आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी जेमतेम चाळीस काडतुसे मिळत.

पहिले चार आठवडे

‘हात संथ आहे’ हे मान्य केल्यावर उपाय सरळ दिसत होता. मी तिला शिट्टीवर हात उचलायला लावले आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटलीच पाहिजे, असे बंधन घातले. तिने ते निष्ठेने पाळले. चौथ्या आठवड्याअखेर आम्ही पूर्ण ३० गोळ्यांचा रॅपिड टप्पा घेतला, तेव्हा गुण आले २४९. पूर्वीचे खालचे छेद तसेच होते, शिवाय वरच्या बाजूला नवे छेद दिसू लागले होते. तिने काही न बोलता वही मिटली. त्या दिवशी घरी परतताना माझ्या मनात एकच विचार होता, की आपण न मोजता औषध दिले.

दुसऱ्या दिवशी रेंजच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन मी तिच्या मागे, उजव्या खांद्याच्या थोडे बाहेर, तिपाईवर मोबाइल लावला. चौकट अशी ठेवली की तिचा हात आणि समोरचा दिवा दोन्ही एकाच चित्रात यावेत. सेकंदाला २४० चौकटी या गतीने चित्रण केले, म्हणजे प्रत्येक चौकट सुमारे चार मिलिसेकंदांची होते आणि तीन सेकंदांच्या ७२० चौकटी मिळतात. तिला सांगितले की शिट्टीचा सराव विसरून जा आणि जूनपूर्वी जशी झाडायचीस तशीच झाड. तीस गोळ्यांचे चित्रण झाले. ते तपासायला मला दोन रात्री लागल्या. दिवा लागल्याची चौकट, हात हलल्याची चौकट, पिस्तूल लक्ष्याच्या काळ्या भागावर पोहोचल्याची चौकट आणि गोळी सुटल्याची चौकट, अशा चार नोंदी प्रत्येक गोळीसाठी केल्या.

निष्कर्ष स्पष्ट होता. दिवा लागल्यापासून हात हलायला सरासरी ०.३४ सेकंद लागत होते, जे थोडे जास्त आहे. तयार खेळाडूला दिव्याच्या इशाऱ्यावर साधारण ०.२ सेकंद पुरतात. मात्र हात लक्ष्यावर १.२५ सेकंदांच्या आसपास पोहोचत होता आणि दीड सेकंदाला बऱ्यापैकी स्थिरावत होता. हे मुळीच संथ नाही. तिथून गोळी सुटेपर्यंत मात्र आणखी १.३ सेकंद जात होते. तीसपैकी एकोणीस गोळ्या शेवटच्या ०.३ सेकंदात सुटल्या होत्या आणि एक मुदतीनंतर. याचा अर्थ असा, की हाताने स्वतःचे काम वेळेत केले होते. बोट मात्र थांबून राहिले होते आणि वेळ संपत आल्याची जाणीव होताच एकदम दाबले जात होते. लक्ष्यावर घड्याळातल्या सातच्या दिशेला सात-आठ गुणांचे छेद पडत होते, ते याच झटक्याचे. उजव्या हाताने झाडणाऱ्या खेळाडूने ट्रिगर खेचण्याऐवजी मूठच आवळली की गोळी खाली आणि डावीकडे जाते, हे प्रत्येक कोचला ठाऊक असते, मलाही होते.

चार आठवड्यांच्या घाईने वरचे छेद का आले, तेही चित्रणातून समजले. त्या काळात तिच्या वडिलांनी सहज टिपलेली एक छोटी चित्रफीत तिच्या फोनमध्ये होती. तिच्यात हात सेकंदाच्या आत लक्ष्यावर पोहोचत होता, परंतु वेगामुळे तेथे न थांबता वर निघून जात होता आणि मग खाली आणावा लागत होता. उचलण्यात वाचवलेला वेळ सावरण्यात जात होता.

बोट का थांबत होते

बोट थांबण्याची दोन कारणे हाती आली. पहिले दृष्टीचे. प्रिसिजनच्या टप्प्यात २०० मिलिमीटरचे काळे वर्तुळ पांढऱ्या कागदावर असते. पुष्कळ खेळाडू त्याच्या खालच्या कडेच्या जरा खाली नेम धरतात, म्हणजे फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची खूण) पांढऱ्यावर उठून दिसते. रॅपिडच्या लक्ष्यावर मात्र पाचपासून दहापर्यंत, ५०० मिलिमीटरचा सगळा भाग काळा असतो आणि मध्याच्या पातळीवर डाव्या-उजव्या बाजूंना फक्त दोन पांढऱ्या आडव्या रेषा असतात. काळ्यावर काळी फ्रंट साइट, आणि नेमका मध्य दाखवणारी कोणतीही खूण नाही. ती काय करत होती, हे तिला विचारले तेव्हा तिने अगदी मोकळेपणाने सांगितले : “सर, मध्य सापडेपर्यंत मी थांबते.” जी खूण लक्ष्यावर नाहीच, ती शोधण्यात तिचा सव्वा सेकंद जात होता.

यावर मी तिला फळ्यावर एक हिशोब करून दाखवला. तो येथे देतो, कारण त्यानंतर तिचे थांबणे पहिल्यांदा कमी झाले. फ्रंट साइट आणि रिअर साइट (मागची खाच, जिच्यातून फ्रंट साइट पाहतात) यांच्यातील अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. लक्ष्य २५,००० मिलिमीटरवर आहे. आता समजा, हात संपूर्णपणे, पिस्तुलासकट, २० मिलिमीटर बाजूला सरकला, परंतु फ्रंट साइट खाचेत मधोमध राहिली. गोळीही सुमारे २० मिलिमीटरच सरकेल, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५० मिलिमीटर असल्यामुळे दहाच मिळतील. उलट, हात जागेवर आहे, पण फ्रंट साइट खाचेत केवळ ०.४४ मिलिमीटर सरकली, तर गोळी ५० मिलिमीटर सरकते. म्हणजे ती दहाच्या अगदी कडेवर जाते. अर्ध्या मिलिमीटरहून लहान चुकीची किंमत हाताच्या दोन सेंटिमीटर डगमगीच्या अडीच पट. तिने आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे हात डुलला तरी चालेल, खाच डुलता कामा नये.” रॅपिडमध्ये पाहायचे ते खाचेत फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या प्रकाशरेषांकडे, लक्ष्याचा मध्य अंदाजाने, दोन पांढऱ्या रेषांच्या पातळीवर, पुरेसा सापडतो.

दुसरे कारण बोटाचेच होते आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे शस्त्राच्या टंचाईमुळे ते अनेकांना लागू पडत असावे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे किमान वजन ५०० ग्रॅम असते, २५ मीटर पिस्तुलाचे १,००० ग्रॅम. तिचे बोट रोज घरी ५०० ग्रॅमवर तयार होत होते. आठवड्यातून तीन दिवस .२२ हाती आले की ट्रिगरचा पहिला टप्पा (खेचण्याचा सुरुवातीचा भाग) संपल्यावर जिथे ‘आता सुटेल’ अशी तिच्या बोटाची सवय होती, तिथे काहीच सुटत नसे. बोट तिथेच अडत असे. प्रिसिजनमध्ये पाच मिनिटे हाताशी असल्यामुळे ती ते सावरून घेत होती. तीन सेकंदांत ते सावरता येत नव्हते.

उपाययोजना

आम्ही वेग हा शब्दच सहा आठवडे बाजूला ठेवला. तीन सेकंदांची वाटणी कशी करायची, एवढाच प्रश्न ठेवला. ठरवले ते असे : दिवा लागताच हात उचलायचा, दोन तृतीयांश अंतर झपाट्याने, शेवटचे एक तृतीयांश मंदावत, हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेऊन संपवायचा, लक्ष्यावर पोहोचताच नजर खाचेवर आणि बोटाचा दाब न थांबता वाढत राहणारा, गोळी २.२ ते २.५ सेकंदांच्या दरम्यान आपोआप सुटेल. शेवटचा अर्धा सेकंद मुद्दाम शिल्लक ठेवला, कारण शिलकीची खात्री असली की झटका येत नाही.

घरच्या सरावासाठी तिच्या एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन त्याच्या रचनेत जेवढे वाढवता येईल तेवढे वाढवले आणि वजनाचे माप टांगून तपासून घेतले. ते हजारापर्यंत पोहोचले नाही, पण बोटाला ‘इथे थांबायचे नाही’ हे शिकवण्याइतके झाले. रेंजवर प्रत्येक सत्राची पहिली वीस मिनिटे .२२ च्या ड्राय फायरिंगला, म्हणजे काडतुसाविना ट्रिगर दाबण्याच्या सरावाला, दिली. येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. रिमफायर पिस्तूल (.२२ सारखे, ज्यात आघात काडतुसाच्या कडेवर होतो) रिकाम्या चेंबरवर, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेवर, सरसकट झाडल्यास आघात करणारी फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून दोन्हींचे नुकसान होऊ शकते. म्हणून ड्राय फायरिंगची वेगळी सोय असलेले पिस्तूलच आणि त्या सोयीनेच वापरले. काडतुसे त्या वेळात लेनवर आणायचीच नाहीत, मॅगझिन बाहेर, चेंबर दोघांनी डोळ्यांनी पाहिलेले. घरी एअर पिस्तुलालाही तोच नियम लावला : समोर भरीव भिंत, खोलीत दुसरे कोणी नाही, छऱ्यांची डबी बाहेरच्या खोलीत. तिच्या आईने ती डबी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ठेवण्याचे काम आपण होऊन घेतले आणि तीन महिने न चुकता केले.

पहिले दोन आठवडे लक्ष्यच लावले नाही. कोरी पांढरी भिंत, हात वर, दाब, आवाज. लक्ष्य नसल्यामुळे मध्य शोधण्याची ओढ राहत नाही आणि नजर खाचेत टिकते. तिसऱ्या आठवड्यापासून लक्ष्य आणले. इशाऱ्यासाठी आधी आम्ही फोनवरील बीपचा आवाज वापरत होतो. त्यात एक खोट निघाली : घरी हात वेळेत हलायचा, रेंजवर पुन्हा उशीर. कानाने घेतलेल्या इशाऱ्यावर माणूस डोळ्याने घेतलेल्या इशाऱ्यापेक्षा काही शतांश सेकंद लवकर हलतो, आणि स्पर्धेत तर दिवा असतो. माझी जूनमधली शिट्टीही याच कारणाने निरुपयोगी होती. मग तिनेच, संगणकाचे काम येत असल्यामुळे, जुन्या मोबाइलवर लाल पडदा सात सेकंद आणि हिरवा तीन सेकंद असा एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि तो भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवला. तीन आठवड्यांत दिवा ते हात हे अंतर ०.३४ वरून ०.२३ सेकंदांवर आले.

सात सेकंदांच्या मधल्या वेळेकडेही लक्ष दिले. ती त्या काळात गुण दाखवणाऱ्या मॉनिटरकडे पाहत असे. ते बंद केले. गोळी सुटली की आधी तोंडाने सांगायचे, ‘खाली आठ’, ‘मध्य दहा’. मॉनिटर सिरीज संपल्यावर. सुटण्याच्या क्षणी फ्रंट साइट कुठे होती हे ज्याला सांगता येते, त्याची नजर जिथे हवी तिथे होती, असे धरायला हरकत नाही. सुरुवातीला पाचपैकी दोन अंदाज बरोबर येत, दहाव्या आठवड्यात चार.

एक गोष्ट निव्वळ पुण्याची. संध्याकाळच्या सत्रातील गुण सकाळच्या सत्रांपेक्षा सातत्याने कमी होते. कामाचा थकवा असेल, असे मी समजत होतो. ती हिंजवडीहून बाणेरमार्गे स्कूटरवर येत असे. पाऊणएक तास उजवी मूठ ॲक्सिलरेटरवर आणि बोटे ब्रेकवर, पावसाळ्यात खड्डे चुकवत. रेंजवर पोहोचताच ती पिस्तूल हातात घेई, तेव्हा हाताची पुढची बाजू ताठलेली असे. सत्रापूर्वी अर्धा तास बसणे आणि मनगट-बोटे सैल करणे सक्तीचे केल्यावर सकाळ-संध्याकाळचा फरक बराच कमी झाला.

उसन्या मोजपट्टीचा अनुभव

सातव्या आठवड्यात मी एक प्रयोग केला, त्याची नोंद सविस्तर करतो, कारण तो अंशतः फसला आणि फसण्यातून समज वाढली.

प्रॅक्टिकल शूटिंग या खेळात वेग आणि अचूकता एकाच आकड्यात मोजतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग ही तिची तीन तत्त्वे. तेथे खेळाडू धावत, आडोशांमागून, अनेक लक्ष्यांवर झाडतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, आणि त्या भागाकाराला हिट फॅक्टर म्हणतात. कमी शक्तीच्या काडतुसांच्या गटात लक्ष्याच्या मधल्या भागाला पाच, त्याबाहेर तीन आणि सर्वांत बाहेर एक गुण. लक्ष्य पूर्ण चुकले तर दहा वजा. समजा, बारा गोळ्यांच्या फेरीत एकाने १४ सेकंदांत ५६ गुण घेतले, तर त्याचा हिट फॅक्टर ४. दुसऱ्याने ११ सेकंदांत ५० घेतले, तर सुमारे ४.५५. सहा गुण गमावूनही दुसरा पुढे. जिथे हिट फॅक्टर ४ च्या घरात असतो, तिथे वाचवलेला एक सेकंद साधारण चार गुणांच्या तोडीचा असतो. म्हणून त्या खेळातले जाणकार फेरी सुरू होण्यापूर्वीच अंदाज बांधतात की येथे घाई परवडेल की नाही. आपल्याकडे ९ मिलिमीटरची पिस्तुले सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे हा खेळ इथल्या खेळाडूच्या हाती सहज येत नाही. त्याची विचारपद्धती मात्र मला फार मोलाची वाटते.

म्हणून मी तिच्या प्रत्येक सिरीजचे गुण पाच गोळ्यांच्या एकूण वेळेने भागून वहीत लिहू लागलो. आरंभीच्या पद्धतीची एक सिरीज : ४५ गुण, १४.२ सेकंद, भागाकार ३.१७. सातव्या आठवड्यातील एक : ४८ गुण, ११.७ सेकंद, भागाकार ४.१०. तिला एकच वाढणारा आकडा दिसू लागला आणि उत्साह आला. दहा दिवसांनी मात्र एक सिरीज अशी झाली : ४४ गुण, ९ सेकंद, भागाकार ४.८९. वहीतला सर्वांत मोठा आकडा आणि महिन्यातली सर्वांत वाईट सिरीज, एकाच ओळीत. ती आकडा वाढवण्याच्या नादात १.८ सेकंदांना गोळी सोडू लागली होती.

दोष तिचा नव्हता, मोजपट्टीचा होता. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये वाचवलेला प्रत्येक क्षण गुणांत बदलतो. २५ मीटर पिस्तुलात तिसऱ्या सेकंदापर्यंतचा वेळ फुकट मिळालेला असतो. तो वाचवून काहीही मिळत नाही, आणि तो ओलांडला तर सगळे जाते. अंतिम फेरीतही हाच न्याय आहे : दशांशात मोजलेले १०.२ किंवा त्याहून अधिक गुण लागले तर हिट, नाही तर मिस, आणि गोळी पहिल्या सेकंदाला सुटली की तिसऱ्याला, याला महत्त्व नाही. भागाकार त्या दिवशी बंद केला. त्याऐवजी दोन रकाने ठेवले : गुण, आणि गोळी २.२ ते २.५ च्या पट्ट्यात सुटली का. पट्ट्याच्या अलीकडची गोळी पट्ट्याच्या पलीकडच्या गोळीइतकीच चुकीची मानली. या एका नियमाने तिची घाई आणि तिची दिरंगाई, दोन्ही एकाच वेळी आटोक्यात आल्या. प्रॅक्टिकल शूटिंगमधून जे घ्यायचे ते भागाकाराच्या पलीकडचे होते : आपल्या खेळाच्या नियमात एका सेकंदाची किंमत किती, हे आधी काढायचे आणि मगच बोटाला सांगायचे.

परिणाम

या बदलाची किंमतही मोजावी लागली. पाचव्या ते आठव्या आठवड्यात प्रिसिजनचे गुण २७७ पर्यंत घसरले. न थांबता दाब वाढवण्याची नवी सवय तेथेही शिरली आणि हात पुरता स्थिरावण्याआधीच गोळ्या सुटू लागल्या. शिवाय रॅपिडमध्ये नेम खालच्या कडेवरून मध्यावर आणल्यामुळे दोन टप्प्यांसाठी रिअर साइटच्या वेगवेगळ्या क्लिक (ती वर-खाली करण्याचे टप्पे) लक्षात ठेवाव्या लागल्या, आणि दोनदा ती बदलायला विसरली. ग्रिपवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर दोन्ही आकडे लिहिल्यावर तो प्रश्न सुटला. प्रिसिजन बाराव्या आठवड्यात २८४ वर परतले.

रॅपिडचे आकडे असे : नवी पद्धत सुरू करताना २६१ च्या आसपास, सहाव्या आठवड्यात २६९, दहाव्यात २७७, तेराव्यात २८२. शेवटच्या चार पूर्ण सरावांत मुदतीनंतरची एकही गोळी नाही. तेराव्या आठवड्यात पुन्हा चित्रण केले, तेव्हा तीसपैकी चोवीस गोळ्या ठरलेल्या पट्ट्यात सुटल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये शहरातल्याच एका स्थानिक स्पर्धेत ती उतरली. ऊन कडक होते आणि तिच्या लेनच्या लक्ष्यावर तिरका प्रकाश पडत होता. प्रिसिजन २८१, रॅपिड २७९. दोन्ही टप्प्यांत सरावापेक्षा तीन-तीन गुण कमी, परंतु दोन टप्प्यांतले अंतर बावीसवरून दोनवर आले होते, आणि मी हाच आकडा मोलाचा मानतो. चित्रणाची परवानगी नव्हती, म्हणून मी मागे बसून तिच्या प्रत्येक गोळीचा आवाज दिव्याच्या तुलनेत ऐकत होतो. पहिल्या पाच गोळ्यांनंतर मला ती लय ओळखीची झाली आणि शेवटपर्यंत ती मोडली नाही.

एक दोष अजून उरला आहे. तिच्या सहा सिरीजच्या पहिल्या गोळ्या वेगळ्या काढून पाहिल्या, तर त्या बाकीच्यांपेक्षा खाली आणि पट्ट्याच्या शेवटी सुटतात. स्पर्धेतील सहापैकी चार पहिल्या गोळ्या आठ किंवा नऊ होत्या. ‘अटेन्शन’ची आज्ञा आणि पहिला हिरवा दिवा यांमधल्या लाल दिव्याच्या सात सेकंदांत तिचा खांदा हळूहळू वर चढतो, हे तेराव्या आठवड्याच्या चित्रणात दिसते, दुसऱ्या गोळीपासून तो खाली असतो. या महिन्यापासून आम्ही पाच गोळ्यांच्या सिरीजऐवजी फक्त पहिल्या गोळीचाच सराव घेत आहोत : आज्ञा, सात सेकंद, एक गोळी, पिस्तूल खाली ठेवणे, मागे वळणे, आणि पुन्हा सुरुवातीपासून. चाळीस काडतुसांत चाळीस पहिल्या गोळ्या होतात. आतापर्यंत अशी पाच सत्रे झाली आहेत आणि खांदा अजून चढतोच आहे, मात्र आता तो चढताना तिला स्वतःला कळतो.